‘निओ-बुद्धिस्ट’ : एका इंग्रजी शब्दप्रयोगाची चिकित्सा

काही महिन्यांपूर्वी पुण्यातील एक संशोधक विद्यार्थिनी आपला इंग्रजी निबंध घेऊन माझ्याकडे आली. शहरातील बौद्ध कुटुंबांमधील विवाहसंस्कार हा तिच्या निबंधाचा विषय. तिने सर्वत्र ‘बुद्धिस्ट फॅमिलीज’ असे लिहिले होते. निबंध तपासणाऱ्या संपादकांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या शब्दाच्या आधी ‘निओ’ हे उपपद जोडून निबंध परत पाठविला होता आणि समासात शेरा दिला होता की, हाच रूढ व अचूक शब्दप्रयोग होय. विद्यार्थिनीचा प्रश्न सरळ होता. “सर, इंग्रजी म्हणून हे बरोबर आहे का? बरोबर असेल तर मी निमूटपणे मान्य करीन. पण माझी आजी दीक्षेनंतर जन्मली. मग ‘निओ’ नेमके कोण?”

हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूला सारता येण्याजोगा नाही. तो शब्दाचा प्रश्न आहे, आणि शब्दाच्या प्रश्नाचे उत्तर शब्दशास्त्रानेच दिले पाहिजे. आपल्याकडे या शब्दप्रयोगाविरुद्ध पुष्कळदा संताप व्यक्त झाला आहे. मात्र त्याची शांतपणे केलेली चिकित्सा क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

एखादा शब्दप्रयोग तपासताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तो व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे काय? त्या भाषेच्या जाणत्या लेखकाच्या लेखणीतून तो सहज उतरेल काय? आणि ज्या वस्तूला तो लावला आहे त्या वस्तूशी तो जुळतो काय? या तीन कसोट्यांची सरमिसळ झाली की वाद वाढतो आणि निर्णय लागत नाही.

उपपदाचे दोन अर्थ

‘निओ’ हे उपपद मूळ ग्रीक आहे, अर्थ ‘नवा’. इंग्रजीत त्याचे दोन स्पष्ट उपयोग आहेत.

पहिला उपयोग विचारसंप्रदायाचा. जुने दर्शन नव्या मांडणीने पुढे आले की त्याच्या नावाआधी ‘निओ’ लागते. निओ-प्लेटॉनिझम, निओ-कांटियन ही उदाहरणे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्लोटायनस आणि त्याचे शिष्य स्वतःला केवळ प्लेटोचे अनुयायी समजत. ‘निओ’ हे उपपद त्यांना पुष्कळ शतकांनंतर आधुनिक युरोपीय इतिहासकारांनी लावले. १८६० मध्ये फ्रेडरिक हॅरिसन यांनी ‘निओ-ख्रिश्चॅनिटी’ या शीर्षकाचा एक गाजलेला लेख लिहिला. त्यांच्या टीकेचा विषय नव्याने बाप्तिस्मा घेतलेली माणसे हा नव्हता. इंग्लंडच्या चर्चमधीलच काही विद्वानांनी ख्रिस्ती सिद्धान्ताची जी उदारमतवादी मांडणी केली होती, ती त्यांच्या टीकेचे लक्ष्य होती. म्हणजे या अर्थी ‘निओ’ सिद्धान्ताला लागते, आणि पुष्कळदा ते बाहेरचा निरीक्षक किंवा टीकाकार लावतो.

दुसरा उपयोग अवस्थेचा. ‘निओफाइट’ म्हणजे शब्दशः ‘नुकतेच लावलेले रोप’. सेंट पॉलच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, नुकत्याच ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास धर्माध्यक्ष करू नये, अशी सूचना आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द येतो. भारतीय इंग्रजीत ‘निओ-लिटरेट’ हा शब्द रूढ आहे. साक्षरता अभियानातून त्याचे ‘नवसाक्षर’ हे मराठी रूप घरोघर पोहोचले. हा दुसरा अर्थ कालमर्यादित आहे. रोप रुजले की ते नुकतेच लावलेले राहत नाही. नवसाक्षर मनुष्य वाचू-लिहू लागला की तो साक्षर होतो. आणि त्याचा मुलगा शाळेत जाऊन पदवीधर झाला तर त्याला कोणी नवसाक्षर म्हणत नाही.

मराठीतील ‘नव’ची वाटणी अशीच आहे. नवकाव्य, नवकथा यांतील ‘नव’ संप्रदायाचा आहे. मर्ढेकरांच्या कवितेला कितीही वर्षे झाली तरी ती नवकाव्यच राहील. नवविवाहित, नवसाक्षर यांतील ‘नव’ अवस्थेचा आहे. नवविवाहित दांपत्याला नातवंडे झाल्यावर तो शब्द लावला तर ऐकणारा हसेल. ‘नवबौद्ध’ आणि ‘निओ-बुद्धिस्ट’ या दोन्ही शब्दांत हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

तेव्हा पहिल्या कसोटीचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर, ‘निओ-बुद्धिस्ट’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही. उपपद आणि नाम यांचा असा संयोग इंग्रजीत होऊ शकतो. जे अभ्यासक हा शब्द अशुद्ध म्हणून फेटाळतात, ते आपली बाजू विनाकारण दुर्बल करतात.

बाबासाहेबांनी हा शब्द कोणत्या अर्थी वापरला?

या वादात दुसऱ्या पक्षाकडून हमखास एक पुरावा पुढे येतो. दीक्षेच्या आदल्या दिवशी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे पत्रकारांशी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला बौद्ध धर्म हा एक प्रकारचा ‘निओ-बुद्धिझम’ किंवा ‘नवयान’ असेल, असे सांगितल्याची नोंद चरित्रग्रंथांत आहे. आपल्यातील काही जण ही नोंद नाकारू पाहतात. तसे करण्याचे कारण नाही; ती नीट वाचण्याचे मात्र कारण आहे.

तेथील शब्द धर्माला लागलेला आहे. हीनयान आणि महायान या जुन्या भेदांत न अडकता मूळ बुद्धवचनाकडे जाणारी आपली मांडणी असेल, असा त्या विधानाचा रोख होता. हा ‘निओ’चा पहिला, सिद्धान्तविषयक अर्थ. बावीस प्रतिज्ञा पाहिल्या, किंवा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केलेले परिव्रज्या, चार आर्यसत्ये, कर्म-पुनर्जन्म आणि भिक्षुसंघ यांविषयीचे चार प्रश्न पाहिले, की या मांडणीत नवे काही आहे हे मान्य करावेच लागते. ‘नवयान’ या संज्ञेची चर्चा तत्त्वज्ञानाच्या वर्गात अवश्य व्हावी.

परंतु सिद्धान्ताचे नाव आणि माणसाचे नाव यांत अंतर आहे. महायानाचा अनुयायी बौद्धच म्हणविला जातो. शिवाय १४ ऑक्टोबर १९५६ रोजी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी जे त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले, ते कोलंबोत, रंगूनमध्ये वा बँकॉकमध्ये उपासक जे म्हणतो तेच होते. माणूस बौद्ध होतो तो त्रिशरणाने. आणि त्रिशरणात ‘नव’ काहीच नाही.

बाबासाहेब इंग्रजी शब्दांविषयी किती सावध होते, याचे एक उदाहरण या संदर्भात पुरेसे बोलके आहे. त्यांच्या या ग्रंथाचे आरंभीचे नाव ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’ असे होते. इंग्रजी वाचकाला ते परके वाटले नसते. पॉल केरस यांचा ‘द गॉस्पेल ऑफ बुद्ध’ हा ग्रंथ १८९४ पासून प्रसिद्ध होता. ‘गॉस्पेल’ शुद्ध होते आणि इंग्रजी कानाला सहजही होते. तरी अंतिम नावात तो शब्द राहिला नाही. त्याच्या जागी पाली ‘धम्म’ आला. ख्रिस्ती शुभवर्तमानाचा अर्थ सोबत घेऊन येणारा शब्द बुद्धाच्या शिकवणुकीशी जुळत नाही, असेच या बदलातून मला दिसते. पहिल्या दोन कसोट्यांवर उतरलेला शब्द तिसऱ्या कसोटीवर सोडून द्यावा लागतो, याचा हा वस्तुपाठ होय.

पाली वाङ्मयाची साक्ष

पालीत ‘नव’ किंवा ‘नवक’ हा शब्द माणसाला लावलेला आढळतो. विनयाच्या परंपरेत ज्या भिक्षूची पाच वर्षे पूर्ण झालेली नाहीत तो नवक, पाच ते दहा वर्षांचा मज्झिम, आणि दहा वर्षे पूर्ण केलेला थेर. म्हणजे ‘नव’ ही मोजलेली अवस्था आहे, तिला शेवट आहे, आणि ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. राजपुत्र उपसंपदा घेवो की न्हावी, दोघेही पहिल्या वर्षी नवकच असतात.

चुल्लवग्गात शाक्य कुमारांच्या प्रव्रज्येची कथा आहे. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय आदी कुमारांनी आपला न्हावी उपाली याला आपल्याआधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती भगवंतांना केली. हेतू हा की, उपाली ज्येष्ठ ठरावा, आपल्याला त्याला वंदन करावे लागावे आणि शाक्यकुळाचा अभिमान गळून पडावा. या कथेत ‘नवा’ ठरतो तो राजकुमार! धम्मातील ज्येष्ठता जन्मावरून मोजली जात नाही, हे तिचे मर्म.

गृहस्थांच्या बाबतीत तर ‘नव’ हा शब्द येतच नाही. तपुस्स आणि भल्लिक हे दोन व्यापारी प्रथम शरण आले, तेव्हा संघ अस्तित्वात नव्हता. म्हणून त्यांना दोन शरणांचे उपासक म्हटले आहे. यसाचा पिता हा तीन शरणे घेणारा पहिला उपासक. महावग्ग इतका काटेकोर आहे की दोन शरणे आणि तीन शरणे यांतील फरकही तो नोंदवितो. असा काटेकोर ग्रंथही यसाच्या पित्याला ‘नव-उपासक’ म्हणत नाही. तो शरण गेला, तो उपासक झाला, एवढेच.

आणखी एक साक्ष महासागराच्या उपमेची. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या सागराला मिळाल्या की आपली पूर्वीची नावे टाकतात आणि केवळ महासागर म्हणून ओळखल्या जातात. तसेच चारही वर्णांचे लोक प्रव्रजित झाले की पूर्वीचे नामगोत्र टाकून शाक्यपुत्रीय श्रमण म्हणविले जातात. ही उपमा प्रव्रजितांसंबंधी आहे. ती गृहस्थाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु नामकरणामागचे तत्त्व तिच्यात स्पष्ट होते. धम्मात दिलेले नाव माणूस कोठे पोहोचला हे सांगते. तो कोठून आला हे सांगण्यासाठी ते नसते. महाराष्ट्रात ‘निओ-बुद्धिस्ट’ हा शब्द व्यवहारात नेमके उलटे काम करतो. तो वाचताच वाचकाला पूर्वीची जात कळते, आणि बहुधा तेवढेच कळते.

हे पडताळून पाहावयाचे असेल तर एकच उदाहरण घ्यावे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म गोव्यातील साखवळचा, सारस्वत ब्राह्मण कुटुंबातला. त्यांनी १९०२ मध्ये श्रीलंकेत प्रव्रज्या घेतली आणि पुढे १९१२ पासून याच पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात, पाली शिकविली. ते जन्माने बौद्ध नव्हते. तरी त्यांना कोणी ‘निओ-बुद्धिस्ट’ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. जो स्वतः नव्याने आला त्याला हा शब्द लागत नाही. ज्यांच्या घरी धम्माची चौथी पिढी नांदते आहे त्यांना मात्र तो लागतो. मग शब्दाचा खरा अर्थ ‘नवा’ हा उरत नाही.

एक गंभीर आक्षेप

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो पाली वाङ्मयातूनच घेता येईल. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात भगवंतांनी लोकभाषेचा हट्ट धरू नये आणि रूढ संज्ञेचे, म्हणजे ‘समञ्ञे’चे, उल्लंघनही करू नये, असे सांगितले आहे. एकाच भांड्याला कोणत्या जनपदात पाति म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव. आपलाच शब्द खरा आणि इतरांचा खोटा, असा आग्रह कलहाला कारण होतो. मग ‘निओ-बुद्धिस्ट’ ही संज्ञा वृत्तपत्रांत, शासकीय कागदांत आणि ग्रंथांत रूढ झाली असताना तिला विरोध करणे हा असाच आग्रह नव्हे काय?

या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी सुत्तातील दृष्टान्त पाहावा. तेथील सर्व शब्द एकाच भांड्याचे आहेत. पाति म्हटल्याने भांडे लहान होत नाही, पत्त म्हटल्याने मोठे होत नाही. ‘बुद्धिस्ट’ आणि ‘निओ-बुद्धिस्ट’ हे मात्र एकाच वस्तूचे दोन प्रादेशिक शब्द नाहीत. दुसरा शब्द पहिल्याच्या पोटात एक वेगळा वर्ग कल्पितो, आणि ज्यांना तो लावला जातो त्यांनी तो वर्ग आपण होऊन मानलेला नाही. रूढ संज्ञेचा आदर म्हणजे त्या त्या लोकांच्या वापरातील शब्दाचा आदर, असे मानले, तर येथे तो आदर ‘बौद्ध’ या शब्दाच्याच वाट्याला येतो. जनगणनेत लोकांनी हाच शब्द लिहविला. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ मध्ये बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली आणि २०११ मध्ये ६५ लाख ३१ हजारांवर गेली. जनगणनेच्या मुख्य धर्मनिहाय तक्त्यात या सर्वांसाठी ‘बुद्धिस्ट’ हा एकच रकाना आहे.

शासकीय संज्ञेचा इतिहास

तरीही हा शब्द टिकून कसा राहिला, हे न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. १९५० च्या संविधान (अनुसूचित जाती) आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदू धर्मीयांपुरता मर्यादित केला होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. दीक्षा घेतलेल्या बांधवांचा तो दर्जा गेला. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये त्यांना राज्याच्या पातळीवर सवलती दिल्या, आणि त्यासाठी कागदोपत्री एक वेगळी संज्ञा लागली. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ या जोडशब्दाचे मूळ येथे आहे. त्या काळी तिच्यामुळे मुलांना शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृहात जागा मिळाली. ती संज्ञा अपमान करण्यासाठी घडविली गेली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

१९९० मध्ये केंद्रीय आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. वेगळ्या संज्ञेची मूळ गरज तेव्हा बरीचशी संपली. शब्द मात्र राहिला. रमाई आवास योजना असो वा दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची भूमिहीनांसाठीची योजना असो, तेथे आजही ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असेच लिहिलेले असते. ज्यांच्या हाती त्या शब्दावर आधारलेले प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते आपला हक्क म्हणून जपावे. शब्दचिकित्सेपायी कोणाचे घर वा शिष्यवृत्ती अडता कामा नये. परंतु योजनेतील पात्रतेची संज्ञा ही निबंधातील वर्णनाची संज्ञा होऊ शकत नाही. ‘लाभार्थी’ हाही शासकीय शब्द आहे. म्हणून कोणी आपल्या शेजाऱ्याची ओळख लाभार्थी अशी करून देत नाही.

आपल्या बाजूचे दोष

टीका करणाऱ्याने आपल्या घरातील केरही पाहावा. आपल्यातील कित्येक लेखक मराठीत ‘नवबौद्ध’ शब्दावर आक्षेप घेतात आणि इंग्रजीत लिहिताना तोच शब्द, अधिक विद्वत्तापूर्ण वाटतो म्हणून, स्वतःच्या परिचयात योजतात. काही जण त्याऐवजी ‘दलित बुद्धिस्ट’ लिहितात. सामाजिक इतिहासाच्या संदर्भात त्या शब्दाला स्थान असू शकते. पण सागरात आलेल्या नदीला पुन्हा तिच्या घाटाचे नाव देण्याचा दोष त्यातही आहे. आणि काही जण विशेषण म्हणून कोणताच शब्द चालणार नाही असे ठासून सांगतात, तेही बरोबर नाही. तिबेटी बौद्ध आणि आंबेडकरी बौद्ध यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाला भेददर्शक शब्द लागणारच.

माझ्या मते व्यवहारात पुढीलप्रमाणे लिहावे. जेथे भेद सांगण्याची गरज नाही, तेथे केवळ ‘बुद्धिस्ट’. जेथे परंपरेचा भेद सांगावयाचा आहे, तेथे ‘आंबेडकराइट बुद्धिस्ट’. हे इंग्रजी घडणीला धरून आहे, त्याला कालमर्यादेची अडचण नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते स्वतः हा शब्द आपलासा करतात. जेथे सिद्धान्ताची चर्चा आहे, तेथे ‘नवयान’. जेथे घटना सांगावयाची आहे, तेथे वर्षासह सांगावी : ‘१९५६ मध्ये दीक्षा घेतलेले कुटुंब’. आणि ‘निओ-बुद्धिस्ट’ हा शब्द शासकीय दस्तऐवजातून उद्धृत करावयाचा असेल, तर तो अवतरणचिन्हांत. पुण्याजवळील देहूरोडच्या ज्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या परिसरातील कुटुंबांविषयी लिहिताना ‘नवे’ हे विशेषण किती विसंगत दिसेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले की, शब्द इंग्रजी म्हणून चूक नाही. तुझ्या निबंधातील माणसांसाठी तो चूक आहे, आणि हा फरक तुला संपादकांना समजावून सांगता आला पाहिजे. तिने ‘निओ’ सर्वत्र काढून टाकला आणि निबंधाच्या आरंभी एक परिच्छेद घातला. या कुटुंबांनी दीक्षा केव्हा घेतली, आजची पिढी कितवी, आणि आपण ‘बुद्धिस्ट’ हाच शब्द का वापरीत आहोत, हे तीत सांगितले होते. रागाचा एकही शब्द त्यात नव्हता. संपादकांचे उत्तर अजून आलेले नाही. ते काहीही येवो. आपले नाव काय आहे हे आजीला विचारून, ग्रंथ पाहून आणि व्याकरण तपासून लिहिणारी एक अभ्यासक तयार झाली आहे, आणि तिने आजीसाठी लिहिलेला शब्द अचूक आहे.